पुलावर आडनाव विचारणाऱ्या दोघी

साक्षीदार क्रमांक अकरा. नाव: नान्युमा केइता. जन्म: सुमारे १९७४. पत्ता: बामाको, जुन्या पुलाच्या दक्षिणेला, पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली. व्यवसाय: कापड रंगवणे. वैवाहिक स्थिती: निश्चित नाही. हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्यातील सहभाग: प्रत्यक्ष. धैर्याचे स्वरूप, तीन ओळींत: (कोरे). सदर व्यक्ती कॅमेऱ्यासमोर बोलण्यास योग्य आहे.

हा फॉर्म मी भरला. तिला लिहिता येत नाही असं नाही, तिने पेन धरलं की कागद निळा होतो. 'निश्चित नाही' हे मात्र तिचंच उत्तर. नवरा आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यात गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. सोडून गेला म्हणावं तर नीट निरोप घेऊन गेला होता, आणि आहे म्हणावं तर त्याची काही खबर नाही.

"मास्तर, धैर्याला तीन ओळी कशाला ठेवल्यात?" ती म्हणाली. "कुलिबालीच्या हातून तीन ओळी होणार आहेत का? दुसरीलाच चवळीची आठवण येईल तुम्हाला."

आमच्याकडे माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, कारण काही आडनावांचं एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं असतं. केइताने कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, आपला गुलाम म्हणायचं. कुलिबालीने तेच परत करायचं. रागवायचं कोणी नाही. जो रागावला तो चुकला. मी कुलिबाली, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आणि शाळेत तिचा इतिहासाचा मास्तर, पण या व्यवहारात ते धरत नाहीत. सकाळी तिच्या अंगणावरून जाताना ती मला माझ्या जेवणावरून बोलते, मी तिला तिच्या पूर्वजांवरून बोलतो. दिवसभरात तिचं बोलणं होतं ते बहुधा एवढंच.

रंगारणी जोडीने किंवा टोळीने काम करतात. ओलं कापड पिळायला दोन माणसं लागतात, एकीने एक टोक धरायचं, दुसरीने पीळ घालायचा. नान्युमाने भिंतीत एक लोखंडी आकडा ठोकून घेतला आहे. दुसरं टोक तो धरतो.

फॉर्म आला होता सिनेमावाल्यांकडून. लासिने सिसे नावाचा एक दिग्दर्शक, पंचविशीचा, पॅरिसमध्ये शिकलेला, एक्क्याण्णव सालच्या मार्चवर सिनेमा काढत होता. विद्यार्थी रस्त्यावर आले, सैन्याने गोळ्या घातल्या आणि चार-पाच दिवसांत तेवीस वर्षांची राजवट कोसळली, तो मार्च. लासिनेचा जन्म तेव्हा नुकताच झाला होता, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ माहीत होतं. तो अंगणात आला, उपड्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही पुलावर होतात ना?"

"दोनदा होते. कुठली वेळ हवी तुला?"

"दोन्ही सांगा."

पहिली गोष्ट ती हसत सांगते. शाळेच्या बारा मुली मोर्चाला निघाल्या होत्या, मोर्चा नदीच्या पलीकडे. पुलाच्या तोंडाशी एका सैनिकाने बंदूक आडवी धरली. मागे फिरा म्हणाला. नान्युमा पुढे होती. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दादा, आडनाव काय?"

त्याच्याही तोंडून सवयीनेच निघालं, "कुलिबाली."

"अगं बाई! चवळीखाऊ! माझ्या आजोबांचा गुलाम, आणि बंदूक माझ्यावर रोखतोस? ठेव ती खाली आणि घरी पळ, चुलीवरची चवळी करपली तुझी!"

मागच्या सैनिकांना हसू फुटलं. त्याने हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण बंदूक हलायला लागली. "जा गं, केइता," तो म्हणाला, "तूच चवळीखाऊ. निदान पूल खाऊ नका, आम्हाला परत जायचंय." बाराही जणी पार झाल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या शाळेला कळलं आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या शहराची पोरं सैनिकांना आडनावं विचारत सुटली. ठिकठिकाणी वाट मिळाली. सैन्यातही वरच्यांना कान असतात. रात्रीतून हुकूम निघाला: कोणी आडनाव सांगायचं नाही.

हा हुकूम मुलींना माहीत नव्हता.

दुसरी गोष्ट ती जमिनीकडे बघत सांगते. तिसऱ्या दिवशी तिची मैत्रीण पेंदा म्हणाली, "रोज तूच काय? आज मी विचारणार." पेंदा सांगारे, फुला समाजातली, आणि फुला लोकांचं थट्टेचं नातं लोहारांशी. नान्युमाने तिला सांगितलं, "विचार की. एवढे सैनिक उभे आहेत, एखादा तरी लोहार निघेलच."

पेंदाने विचारलं. सैनिकाने नुसती बंदूक आडवी धरली. तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आज मला आडनाव नाही."

हे ऐकल्यावर मुली मागे सरकू लागल्या. ज्याला आडनाव नाही त्याच्याशी काय बोलणार? पेंदा मात्र हसली. "असं कसं दादा, सगळ्यांना असतं. सांगा ना." तिसऱ्या खेपेला गोळी आली. नान्युमा पळाली. बाजार येईपर्यंत ती थांबली नाही.

पेंदाची आई बिंता जाकिते; आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. तिला विद्यार्थी समितीच्या मुलांनी सांगितलं की पेंदा घोषणा देता देता पडली. मुलांनी पाहिलं नव्हतं, पण सांगायला काहीतरी हवं होतं. तेव्हापासून नान्युमा दर शुक्रवारी कोला नट, आमच्याकडे मोठ्यांना मान म्हणून देतात ते, घेऊन त्या घरी जायची, म्हातारीजवळ बसायची, आणि जे सांगायला गेली ते न सांगता परत यायची. सव्वीस वर्षं.

"आता बरं होईल, मास्तर," लासिने गेल्यावर ती मला म्हणाली. "पडद्यावर येईल. आई बघतील. मला तोंडाने सांगावं लागणार नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसेन, बस."

सिनेमाचा पहिला खेळ दुपारी चारला होता, मोठ्या सभागृहात, सुरू झाला मंत्री उशिरा आल्यावर. बिंता जाकिते पहिल्या रांगेत, शेजारी नान्युमा, तिच्या मागे मी. पडद्यावरची पेंदा पेंदाहून वीतभर उंच होती. ती पुलाच्या कठड्यावर चढली आणि स्वातंत्र्यावर दोन मिनिटं बोलली. तोवर सैनिक शिस्तीत ऐकत थांबले. मग गोळी. खरी पेंदा माझ्या वर्गात होती. ती सलग दोन मिनिटं गंभीर राहिल्याचं मला आठवत नाही. एकदा तर युरोपच्या नकाशावर तिने माझी मिशी रंगवून ठेवली होती. पडद्यावर आडनाव कोणी विचारलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर व्हरांड्यात नान्युमाने लासिनेला गाठलं.

"ते आडनावाचं कुठे गेलं रे?"

"मावशी, शूट केलं होतं, तुमची शपथ. पण बाहेरच्या प्रेक्षकाला ते कळत नाही. आणि थट्टा करता करता कोणी मेलं की माणसं गोंधळतात. धैर्य कसं, दिसलं पाहिजे."

"आणि मी?"

"तुम्ही आहात ना! मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी."

घरी जायला आम्ही भाड्याच्या हिरव्या व्हॅनची वाट बघत कडुनिंबाखाली उभे होतो. म्हातारीचा चेहरा इतका उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "बघितलंस ना गं?" ती नान्युमाला म्हणत होती. "केवढं बोलली! कुठून शिकली असेल? घरात तर सारखी खिदळायची."

एक व्हॅन आली. नान्युमाने हात केला नाही. व्हॅन गेली.

"आई," ती म्हणाली, "ती तसं बोलली नाही."

मग तिने सगळं सांगितलं. कुलिबालीपासून सुरुवात केली, 'एखादा तरी लोहार निघेलच' हे स्वतःचं वाक्य गाळलं नाही, बाजारापर्यंत पळाल्याचंही गाळलं नाही. मी दोन पावलं दूर सरकलो, पण ऐकू येत होतं. शेवटी म्हातारीने विचारलं,

"किती वेळा विचारलं म्हणालीस?"

"तीनदा."

"मोठ्या माणसाला एकदाच विचारायचं. नाही सांगितलं तर सोडून द्यायचं. शिकवलं होतं मी तिला."

"हो, आई."

"हसत होती?"

"हसत होती."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "कठड्यावर बरी उभी होती," ती म्हणाली. पुढची व्हॅन आली तेव्हा ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. नान्युमा आणि मी मागे.

पुढच्या शुक्रवारी नान्युमा कोला नट घेऊन गेली. ते मला तिनेच सांगितलं, कापडाला रंग देता देता, वर न बघता. म्हातारीने पुडी घेतली, दुवा दिली, घरच्यांची विचारपूस केली. रीतीत काही कमी नव्हतं. फक्त बसायला स्टूल दिलं नाही.

"तुझा राग नाही मला, पोरी," ती दारातच म्हणाली. "खरं सांगितलंस, अल्ला तुला त्याचं देवो. पण सिनेमा झाल्यापासून मी डोळे मिटले की ती बोलायला उभी राहते, आणि तुला पाहिलं की तो समोर येतो, तो आडनाव न सांगणारा. मला आता थोडेच दिवस आहेत. मला तिचं बोलणं ऐकू दे."

"तू काय म्हणालीस मग?" असं मी तिला विचारायला हवं होतं, पण ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "केइता, निळा फार गडद झाला." ती म्हणाली, "चवळीखाऊला रंगातलं काय कळतं?" पण तिचं लक्ष नव्हतं, पुढचा टोमणा आला नाही.

पावसाळ्यानंतर मंत्रालयातून तिला प्रमाणपत्र आलं, काचेच्या चौकटीत. सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं होतं आणि सर्व साक्षीदारांचा गौरव करायचं ठरलं होतं. मजकूर असा: 'लोकशाहीच्या रक्षणार्थ प्रकट केलेल्या असामान्य धैर्याबद्दल, तसेच हुतात्मा पेंदा सांगारे यांच्या मातोश्रींशी प्रतिकूल काळातही अखंड राखलेल्या स्नेहसंबंधांबद्दल, राष्ट्र श्रीमती नान्युमा केइता यांच्याप्रती कृतज्ञ आहे.' खाली दोन सह्या आणि एक शिक्का.

शुक्रवारी नान्युमा घरीच असते.