हात जातो तिथं दांडा

"उठा, आजी. आता बसा. पुन्हा उठा."

कोणाच्याही घरी गेले की दिग्रसचे ते वेल्डर काका आधी एवढंच म्हणायचे. मापपट्टी पिशवीतच असायची. उठताना म्हाताऱ्या माणसाचा हात आपोआप भिंतीवर जिथं जाई, तिथं काका खडूनं खूण करायचे. "हात जाते तिथंच दांडा पाह्यजे."

मी तेव्हा म्हाताऱ्यांसाठी घर सुरक्षित करा, अशी पत्रकं वाटत फिरायचे. संडासात धरायच्या दांड्याची उंची आम्ही सेंटिमीटरमध्ये छापलेली. काकांनी पत्रक वाचलं आणि विचारलं, "पोरी, हे कोणाच्या आजीचं माप हाय?" मला राग आला, कारण ते माप कोणाचंच नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत जाऊ लागले.

तुम्हीही पाहिली असतील अशी घरं. पुढच्या भिंतीला ग्रॅनाइट, संडासात आरशासारख्या टाइल्स, आणि जिनं जन्मभर शेतात राबून ते घर उभं केलं, तिला धरायला काही नाही. दांडा सुचवला की ऐकू यायचं, "कायले? आमची आई ठणठणीत हाय."

"म्हणूनच आलो. मोडल्यावर डॉक्टर येते," काका म्हणायचे.

अशाच एका घरी त्यांनी आजींसाठी संडासात जाड लोखंडी दांडा बसवला आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. आजी खदखदल्या, "माकडा, तुटला तं तूच पडशीन!" पुढं दोन महिने आजी कोणाला हाक न मारता जाऊन येत होत्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

मग नातवासाठी मुलीकडचे लोक घर पाहायला येणार असं ठरलं. आजींच्या मुलानं दांडा काढून टाकला. "पाव्हण्यायले दवाखाना वाटन," म्हणे. भोकं झाकायला त्याच जागी टॉवेलचा चकचकीत रॉड लावला. पाहुणे पोहे खाऊन गेले. दुसऱ्या सकाळी आजींचा हात सवयीनं तिथंच गेला. रॉड उखडून हातात आला. खुबा मोडला.

आणि हा मुलगा दवाखान्यात, सगळ्यांदेखत काकांना काय म्हणाला? "तुमच्याच्यानंच तिले धरायची सवय लागली!"

मी भांडले. आईसाठी लावलेल्या लोखंडाची लाज वाटते, आईला पाडल्याची वाटत नाही? काकांनी मला ओढून बाहेर आणलं.

"माह्याच खुणेवर पडली वं, पोरी."

"तुमच्या खुणेवर नाही, काका! त्यांच्या दिखाव्यापायी पडली!"

त्यांना ते कधीच पटलं नाही. आजी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, आणि काकांनी लोकांच्या घरात पाऊल टाकणं सोडलं. दुकानात बसून नुसती फाटकं करत राहिले. मागच्या वर्षी गेले.

पत्रकावर नंबर माझा, म्हणून फोन अजून मलाच येतात. "ताई, ते दांडेवाले काका पाठवा नं." ते आता नाहीत, असं सांगते. मग विचारते, "पडल्या का?"

पलीकडून येतं, "हो."

पडण्याआधी फोन करणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.