ब्रेकचा तांबडा दिवा

शेजारच्या नानांच्या जुन्या गाडीत ब्रेकचा तांबडा दिवा पुन्हा लागला. हँडब्रेक ओढलेलाही नव्हता. नानांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑईल ओतलं आणि दिवा विझला.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक सलीम पाहत होता. "नाना, ऑईल कुठे गळत नाहीये. ब्रेकचे पॅड झिजलेत, म्हणून ते खाली जातंय. किती वेळा ओतणार? पॅड शहरातून मागवतो, दोन दिवस गाडी ठेवा माझ्याकडे."

"आणि तेवढ्यात हिचं रक्त कमी झालं तर? तू खांद्यावर घेऊन घाट उतरणार?"

मागच्या सीटवर नानांच्या पत्नी, काकू, डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना रक्त चढवायला घाटाखालच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. बाटली चढली की त्यांच्या चेहऱ्यावर रंग येतो, त्या चार घास जेवतात, आणि घरात सगळे बरं वाटतंय म्हणतात. मग रंग उतरतो. आधी महिन्याने जावं लागे, आता आठवड्याने. याहून वेगळा उपाय उरलेला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

झीज आतल्या आत चालूच राहते. आपल्याला फक्त तिची खूण पुसता येते, आणि तेवढ्यावर माणसं घाट उतरायला निघतात.

काकूंनी डोळे उघडले. "अहो, ठेवा ना गाडी सलीमकडे," त्या म्हणाल्या. "तिचं तरी काही होण्यासारखं आहे."

नानांनी गाडी सुरू केली आणि घाटाकडे वळवली.