तोफांना कापूस

फार्मसीत कामाला जाताना परदेशी राहणारी माझी मुलगी मला तिच्या मनुरेवा उपनगराच्या लायब्ररीत सोडते. हात रिकामे नकोत म्हणून मी वाती वळायला कापूस नेते.

दर बुधवारी शेजारच्या टेबलावर एक गोरे गृहस्थ अमेरिकेतलं यादवी युद्ध मांडून बसतात. साउथ कॅरोलायनाचा किनारा, पुठ्ठ्याचा किल्ला, नखाएवढे निळे आणि करडे शिपाई. कुठली लढाई आणि कुठं मांडलीय, अमेरिकेपासून एवढ्या लांब! दोन्ही बाजूंनी ते एकटेच लढतात. चाल बदलली की गुडघे धरत उठतात आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसतात.

एकदा त्यांनी माझ्याकडे कापूस मागितला. तोफांचा धूर करायचा होता. मी मूठभर दिला. त्यांनी तो इतका पसरला की निम्मं सैन्य झाकलं गेलं.

"आता कोण पडलं ते कळणार कसं?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"म्हणूनच तर धूर हवा," ते हसून म्हणाले. "मला कुणाला आडवं करवत नाही."

निघताना त्यांनी कापूस उचलून परत दिला. खाली सगळे शिपाई उभेच होते.

संध्याकाळी त्याच कापसाची वात वळून देवापुढे लावली. जराही धूर झाला नाही.