शाल, फेटा आणि पन्नास मीटर

काय सांगू तुम्हाला, माणसाची फजिती व्हावी, पण निदान अंगावर पुरते कपडे असताना तरी व्हावी! माझी झाली ती पोहायच्या चड्डीवर. आणि डोक्याला फेटा. हसू नका, चहा सांडेल. पहिल्यापासून सांगतो.

परभणीत माझं भांड्यांचं दुकान. गल्ल्यावर बसून बसून कंबर अशी धरली, की डॉक्टर म्हणाले, "गोळ्या पुरे झाल्या, पोहायला जा." आता पोहायला मला येत होतं. लहानपणी येलदरीच्या मामानं धरणाच्या पाण्यात ढकलून शिकवलं होतं. पण ते पोहणं म्हणजे नुसतं बुडायचं नाही, एवढंच! दम कधी घ्यायचा, हात कसा टाकायचा, हे मला शिकवलं ते पोहण्याच्या तलावावरच्या पोरांनी. सोळा-सतरा वर्षांची पोरं. त्यातला फैजान तर रोज ओरडायचा, "चाचा, पानी कू मारो नक्को, काटो!"

चार-सहा महिन्यांत कंबर सुटली. त्या पोरांचे उपकार कसे फेडू मी? आजही त्यांच्यातलं कुणी दुकानासमोरून गेलं, तर चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

पण कंबर सुटली, की माणसाला शिंगं फुटतात. जिल्ह्याच्या स्पर्धा लागल्या आणि मी नाव देऊन आलो. चाळिशीच्या पुढच्या गटात. त्या गटात सबंध जिल्ह्यातून कोण आलं असेल? मी. एकटा! आता एकट्याची शर्यत कशी लावणार? पंच म्हणाले, "काका, सोडू का तुमाला पोरांच्यात?"

"सोडा की!" मी म्हणालो. जीभ ही, तिला काय जातंय बोलायला?

माझी मुलगी ऋतू दहावीला. तिचंही मुलींच्या शर्यतीत नाव होतं. रात्री जेवताना तिला हे कळलं आणि तिचा घासच अडकला.

"पप्पा, तुमी? माझ्या सगळ्या मैत्रिणी असतेत तिथं! हे पोट घेऊन तुमी पोरांसोबत उडी मारणार?"

"मग काय, पोट घरी ठेवून येऊ?"

"हसू नका! एक करा, तिथं मला ओळख दाखवायची न्हाई. बोलायचं न्हाई, हात करायचा न्हाई. न्हाईतर मी पुन्हा तलावावर पाय ठेवणार न्हाई."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पोरीला पाण्याचं लय वेड. ते तिनं माझ्यापायी सोडावं? मी ताटावर हात ठेवून शब्द दिला, की ओळख दाखवणार नाही म्हणजे नाही.

स्पर्धेचा दिवस आला. माझा कान जरा नाजूक. बायकोनं खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे बोळे दोन्ही कानांत कोंबले. त्यावर रबरी टोपी. शेजारी बँड वाजला असता तरी मला कळलं नसतं. मग शिट्टी कशी ऐकू येणार? त्यावर मी तोड काढली. शेजारच्या पोरानं उडी मारली, की आपणही मारायची.

मारली!

एवढी झकास उडी मी जन्मात मारली नव्हती. हात टाकत सुटलो. थोडं पुढं जाऊन डावीकडं बघितलं, कुणी नाही. उजवीकडं बघितलं, कुणी नाही. मी म्हणालो, आयला, सगळी मागं पडली! मध्येच हाताला दोरीसारखं काहीतरी लागलं. मला वाटलं, एखादं चाबरं पोरगं मला मागं ओढायलंय. अशी लाथ झाडली, की सुटलोच. पलीकडच्या काठावर दोन माणसं हात हलवत होती. केवढं ते स्वागत! मी आणखी जोर लावला आणि भिंतीला हात टेकवला.

वर आलो, तर समोर सुभाषराव. माझ्या शेजारच्या कापड दुकानाचे मालक. यांना सत्काराचा भारी नाद. कुणाची बदली होवो, कुणाला नातू होवो, स्कूटरच्या डिकीत शाल, फेटा आणि नारळ कायम तयार. पोहण्याचं त्यांना एवढंच कळत होतं, की ज्यानं भिंत आधी गाठली तो पहिला.

मी ओला आहे, हेसुद्धा त्यांनी बघितलं नाही. खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि रबरी टोपीवरच फेटा गुंडाळला. फोटो काढला, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. पिंगळीच्या मेहुण्याचं अभिनंदन येऊनही पडलं!

लोक टाळ्या वाजवत होते, पोट धरून हसत होते. आता अशा वेळी दोन शब्द बोलायला नकोत? मी हात वर केला.

"आजच्या तरुण पिढीला माझं एकच सांगणं हाय. मोबाईल सोडा! त्यानं तुमचा दम गेलाय!"

लोक आणखीच हसले. म्हटलं, भाषण जमायलंय.

तेवढ्यात बघतो, तर ऋतू काठाकाठानं पळत माझ्याकडं येत होती. दोन्ही हात हलवत, तोंडानं काहीतरी ओरडत. मी मनात म्हणालो, बघ, बाप जिंकला तर आता आली! पण शब्द म्हणजे शब्द. मी मान फिरवली. ती समोर आली, मी पाठ केली. ती पुन्हा समोर आली. मग मी सुभाषरावांना चांगलं मोठ्यानं विचारलं, "ही कोणाची हो मुलगी?"

सुभाषराव माझ्याकडं बघतच राहिले. पोरीच्या बारशाला पाळण्याची झालर त्यांच्याच दुकानातून आली होती!

ऋतूनं पाय आपटला. फेट्याखाली बोट घातलं, टोपी वर सरकवली आणि कानातला बोळा ओढून काढला.

"पप्पा! तुमच्या शेजारच्यानं आधीच उडी मारली होती! परत या म्हणून शिट्टी झाली, दोरी टाकली! सगळी पोरं कवाची माघारी गेलीत! शर्यत अजून व्हायचीय!"

मी वळून पाहिलं. पलीकडच्या टोकाला सगळी पोरं आपापल्या जागी उभी. भर उन्हात. माझी वाट बघत.

पन्नास मीटरचा दम तर मी खर्च करून बसलो होतो. तिथंच धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ऋतूनं माझा हात धरला आणि सगळ्यांसमोरून मला चालवत नेलं. तिच्या मैत्रिणी बघत होत्या. एकीनं विचारलं, "कोण गं हे?"

"माझे पप्पा हायेत," ऋतू म्हणाली. हात सोडला नाही.

खरं सांगतो, तिथंच माझी शर्यत संपली होती. पुढचं सगळं फुकट मिळालेलं.

पंच घड्याळ बघायला लागले, तर फैजान म्हणाला, "सर, चाचांना दम खाऊ द्या की जरा. आमी थांबतो." थांबली पोरं! फरशी तापून पाय भाजत होते, तर तळव्यांवर पाणी ओतून घेतलं, पण कुरकुर नाही. आणि यांना मी दम गेलाय म्हणून सुनावून आलो होतो! मग फैजानच हळूच म्हणाला, "चाचा, फेटा काढा. भिजला की जड हुतो."

दुसऱ्यांदा शिट्टी झाली. या वेळी ऐकू आली. मी अर्ध्यात असेन, तेवढ्यात पोरं पलीकडं पोचलीसुद्धा. छाती फुटायला आली. म्हटलं, धरावी दोरी आणि सोडावा नाद. पण उघड्या कानात आवाज आला, "पप्पा! पानी काटो, पप्पा!" तिचं ऐकून मैत्रिणी ओरडायला लागल्या, मग पोरं, मग पंचसुद्धा. सगळा तलाव मला पप्पा म्हणायला लागला! मी कसाबसा भिंतीला लागलो. मला वर ओढायला ऋतू आणि फैजान, दोघंही लागले.

फैजान पहिला आला होता. माझा नारळ मी त्याला दिला. त्यानं तिथंच फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. शाल मात्र मी सुभाषरावांना परत करायला गेलो. म्हणालो, "राहू द्या, मी काही जिंकलो न्हाई."

"तू जिंकशील असं कुणाला वाटलं होतं, येड्या?" सुभाषराव म्हणाले. "पाण्यातून धड बाहेर निघालास, त्याची शाल हाय ती!"

ती शाल मी जपून ठेवली आहे. आणि यंदा माझं नाव ऋतूनं स्वतः जाऊन दिलं. येताना सुभाषरावांच्या दुकानात डोकावली आणि म्हणाली, "काका, यंदाबी सत्कार शर्यतीच्या आधीच उरकून घ्या. नंतर पप्पांच्यानं उभं राहवत न्हाई."