आईनं तुडवलेला गारा

"सखू, उठ गं तिथनं."

काकू एवढंच म्हणाल्या. आवाज न चढवता. घरातल्या मांजराला उठवावं तसं.

आई नव्या ओट्यावर बसली होती. गुडघे दुखतात तिचे. काकू म्हणजे वरच्या गावातल्या तात्यांची बायको; तात्यांच्या नव्या घराची त्या दिवशी वास्तुशांत होती. दाराला केळीचे खांब, आत होमाचा धूर, अंगणात माणसं. आई कुणाच्या वाटेत नव्हती. भिंतीला पाठ लावून बसली होती. त्या भिंतीची माती तिनंच पायांनी तुडवली होती.

"खाली जांभळीच्या सावलीला बस. तिथं चा देते."

आई भिंतीचा आधार घेत उठली. काकूंनी भिंतीवरचा तो हातही बघितला. आई जांभळीखाली जाऊन बसली. काकू गोठ्यातून शेण घेऊन आल्या आणि आई बसली होती तेवढीच जागा सारवून काढली. तेवढीच. बाकीचा ओटा कोरडा, मधे एक ओला चट्टा.

मॅडम मोबाईल घेऊन धावत आल्या. मॅडम म्हणजे दगडमातीची घरं बांधायला शिकवणाऱ्या संस्थेच्या आर्किटेक्ट, शहरातून आलेल्या, वयानं माझ्याहून लहान. "ताई, किती सुंदर! अजूनही शेणानं सारवतात. काय करतायत त्या, सांगा ना. इकडे बघून सांगा."

मोबाईल माझ्याकडे वळला. मी हसले. हसले, हे आधी लिहिते. मग म्हणाले, "मातीचं घर आहे ना मॅडम. माणसासारखी काळजी घ्यावी लागते."

जांभळीखाली आईला ते ऐकू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. चहा आला होता, तो तसाच ठेवला आणि उताराची वाट धरून ती वाडीकडं निघून गेली. मी मागं गेले नाही. आत जेवणाचं पान वाढलं होतं. मला आत बोलावलं होतं. मी संस्थेची ताई होते. आई सखूच राहिली होती.

जेवले मी. पोळी, आमटी, सगळं.

आमचं गाव अकोले तालुक्यात, पार डोंगरात. वर गावठाण, खाली ओढ्यापलीकडं आमची बुद्धवाडी. जमीन हादरली तेव्हा मी इथं नव्हते. मी आणि माझा नवरा केडगावला बांधकामावर होतो. तो सेंट्रिंगला, मी विटा-वाळू वाहायला. फोन आला, गावात घरं पडली. कुणी मेलं नाही. माणसं रानात होती म्हणून वाचली. पण पुढं कितीतरी दिवस जमीन अधूनमधून गुरगुरायची आणि माणसं अंगणात झोपायची. आईच्या घराची मागची भिंत कोसळली होती. ती एकटी. म्हणून मी परत आले. नवरा तिकडंच कामावर राहिला.

मग संस्था आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. इथला दगड, इथली माती, इथलं लाकूड. सिमेंट डोंगरात आणायचं नाही. जुन्या घरांची भिंत आतून-बाहेरून वेगळी रचलेली असते, हादरा बसला की दोन्ही थर सुटतात, भिंतीचं पोट फुगतं आणि फुटतं. म्हणून दोन्ही थरांना धरणारा लांब दगड मधेमधे आडवा घालायचा. दारा-खिडक्यांच्या वर लाकडाचा पट्टा घरभर फिरवायचा, कोपऱ्यात तो खिळून टाकायचा. मातीत भाताचा पेंढा घालून गारा मुरवायचा. शिकायला बायका हव्या होत्या. मी गेले.

आणि मला ते आवडलं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. केडगावला मी फक्त पाट्या उचलत होते. इथं माझ्या हातात ओळंबा आला. दगड फिरवून त्याचं तोंड ओळखायला शिकले. मॅडम म्हणायच्या, "ताई, तुमच्या हातात कला आहे." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या शब्दानं मी फुगले. इतकी फुगले की मला पुढचं काही दिसेना.

पहिलं घर तात्यांचं घ्यायचं ठरलं. त्यांचं घर रस्त्याला, बघायला येणाऱ्यांना सोयीचं. आमच्या वाडीतली घरं नंतर, असं मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली. आईच्या मागच्या भिंतीला ताडपत्री बांधलेली होती, ती तशीच राहिली.

गाऱ्याला माणसं कमी पडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "जुन्या बायकांना येतं ना हे? बोलवा त्यांना." मी वाडीत आले. सुमन तयार झाली, आणखी काही जणी तयार झाल्या. आई नाही म्हणाली.

"मी गारा तुडवनार न्हाई."

मला माहीत होतं का नाही म्हणते ते. आई लग्न होऊन आली तेव्हा वाडी दीक्षा घेऊन बसली होती, पण गावकीची कामं सगळी सुटली नव्हती. वरच्या गावात घर बांधायला निघालं की आमच्या बायकांनी खाली चिखलात उतरायचं. हा हक्क आहे म्हणायचे गावातले. आईनं तिच्या सासूबरोबर किती घरांचा गारा तुडवला, तिलाच आठवत नाही. घर पुरं झालं की आमच्या बायकांना त्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. एका घरी काम संपल्यावर मालकिणीनं वरून पदरात भाकरी टाकली. आईनं पदर झटकला. भाकरी मातीत पडली. "ह्यापुढं न्हाई," म्हणाली आणि घरी आली. आज्जी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. गावानं मजुरी तोडली. आईनं लांबच्या गावाला जाऊन निंदणी-खुरपणी केली, पण गाऱ्यात परत पाय घातला नाही. तिच्या मागं वाडीतल्या बाकीच्याही एकेक करून थांबल्या. आमच्या वाडीला भाषणांनी जेवढं जागं केलं नसेल, तेवढं त्या झटकलेल्या पदरानं केलं.

हे सगळं ऐकत मी मोठी झाले. आणि मीच तिला म्हणाले, "आई, आता दिवस बदलले. आता ह्याला कला म्हणतात. मोठमोठी माणसं बघायला येतात. तू आलीस तर मला बरं वाटेल."

आई उठली.

"तुझ्यासाठी येते," म्हणाली.

आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून गाऱ्यात उतरली. म्हातारे पाय. सुमन तिला धरायची. मी वर भिंतीवर दगड बसवत होते आणि खाली आई चिखल तुडवत होती. मॅडमनी फोटो काढले. मला अभिमान वाटला. मी त्या फोटोंकडं बघून हसायची. वरून बघताना मला वाटायचं, आम्ही दोघी मिळून काहीतरी नवं बांधतोय. आई खाली जुन्याच चिखलात उभी होती, हे मला दिसलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी जेवून मी घरी आले तेव्हा आई पाय धूत होती. काम संपून बरेच दिवस झाले होते, पायाला माती नव्हती. तरी घासत होती. मी बाजूला बसले.

"आई, काकूंचं मनावर घेऊ नको. जुनी माणसं..."

"तिचं न्हाई घेतलं मी," आई म्हणाली. "ती तशीच हाय. मला ठाव हाय ती. तू काय बोललीस त्या मोबाईलात, ते मी ऐकलं."

मी माफी मागितली. तिनं तांब्या उचलला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते, भाकरी देते, औषध आणायला सांगते. पण मी कामावर निघाले की पाठ फिरवून बसते.

मी काय केलं होतं? कुणी मला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. काकूंनी आईचा विटाळ पुसला आणि मी त्याला गोड नाव दिलं. कुणी न मागता दिलं. मला आत बोलवावं म्हणून, ताई म्हणवून घेण्यासाठी दिलं. काम करताना हात थांबायचा. दगड हातात घेऊन उभी राहायची. सुमन विचारायची, "काय झालं?"

मग इतर गावांतली माणसं घर बघायला आली. शाळेत सभा ठेवली. पडद्यावर चित्रफीत लावली. डोंगर, दगड, लाकडाचा पट्टा. मग गाऱ्यातले आईचे पाय, मोठे करून दाखवलेले. तिचं तोंड कुठंच नाही. नुसते पाय. आणि त्याच्यामागोमाग ओटा, काकूंचा शेणाचा हात, आणि माझं हसणं. "माणसासारखी काळजी घ्यावी लागते."

टाळ्या पडल्या.

मॅडम म्हणाल्या, "आता ताई आपला अनुभव सांगतील."

मी उठले. समोर पाहुणे, पहिल्या रांगेत तात्या, बायकांच्या बाजूला काकू. मागं भिंतीला टेकून आमच्या वाडीतल्या बायका उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभ्या होत्या.

मी म्हणाले, "मी खोटं बोलले. तो ओटा घरासाठी सारवला नव्हता. तिथं माझी आई बसली होती. आईला उठवून तिची जागा सारवली. आत्ता दाखवले ते पाय तिचेच. त्या पायांनी माती तुडवलेली चालली. ते पाय ओट्यावर चालले नाहीत."

माना काकूंकडं वळल्या.

काकू म्हणाल्या, "अगं, मी तिला सावलीला बसवलं. चा दिला. इचार तिला."

त्यांना खरंच वाटत होतं की त्या चांगलं वागल्या. त्यांच्या तोंडावर मला राग दिसला नाही, नवल दिसलं.

तात्या उठले. "घर माझं हाय. माझ्या घरात कोन कुठं बसंल ते मी ठरवीन. संस्थेनं सांगायचं न्हाई."

मागून सुमन बोलली. गावासमोर तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मग तात्या, गारा पन तुमीच तुडवायचा हुता."

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "ताई, आपण हे नंतर बोलू. पाहुणे आहेत."

मी बाहेर पडले. मागं वाडीतल्या सगळ्या बायका बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम वाडीत आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं, ताई."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

त्यांना आईला भेटायचं होतं. आई बाहेर आली नाही. मॅडम म्हणाल्या, चित्रफितीतून तो भाग काढून टाकते. मी म्हणाले, काढू नका. काढला तर घर छान दिसेल आणि पुढच्या गावात हेच होईल. जुनी रीत जपायची म्हणता तर सगळी बघा. भिंत कशी उभी राहिली ते दाखवता, तर कुणाला बाहेर ठेवून राहिली तेही दाखवा. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. चित्रफितीचं ते काम नंतर रेंगाळलं.

आम्ही बायकांनी वाडीतली घरं हाती घेतली. पहिली आईची मागची भिंत. गारा मी स्वतः तुडवला. आई आत चुलीपाशी बसून होती. भिंत पुरी झाली तेव्हा तिनं ताडपत्री घडी घालून ठेवली. बघितलं, पण बोलली काही नाही. मी वाट बघत होते. आता बघत नाही. तिनं आयुष्यभर राखलेली एक गोष्ट मी माझ्या हौसेपायी मोडली. ती भिंतीनं भरून निघत नाही.

आता गावठाणातली माणसं वाडीत येतात. जमीन अजून मधेच हलते, आणि तात्यांच्या घराला चीरही गेलेली नाही, हे सगळ्यांनी बघितलंय. मी प्रत्येकाला एकच सांगते. पाया खणायच्या आधी सांगते. घरात शिराल त्या दिवशी आम्ही सगळ्या पुढच्या दारानं आत येणार. चुलीपर्यंत येणार. तुमच्या पंगतीत बसून जेवणार. हे चारचौघांत कबूल करा. काही जणांनी केलं. ती घरं उभी राहिली, त्यात आम्ही जेवलो. काही जण मान खाली घालून परत गेले.

परवा दत्तू आला. गरीब माणूस, स्वभावानं वाईट नाही. बायको बाळंत झालीय. पत्र्याच्या आडोशाला राहतात. वरच्या अंगाला गार वारा फार.

"पोर तान्हं हाय," म्हणाला. "लौकर हात लावा."

मी माझी अट सांगितली.

तो पायानं माती उकरत उभा राहिला. "माझं काय न्हाई बघा. पन घरात म्हातारा हाय. त्यो ऐकनार न्हाई."

"मग म्हाताऱ्याला इचारून या."

"पोराला थंडी लागती, ताई."

तो निघाला. हळूहळू चालत होता, मी हाक मारीन म्हणून. पोराचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. अजून आहे. त्या थंडीतला माझा वाटा मी नाकारत नाही, तो मी वागवते. पण मी हाक मारली नाही. उद्या तो आला तरी हेच सांगणार, परवा आला तरी हेच. आधी दार उघडेल. मग पाया खणला जाईल.