कांडीमावशीचा पगार

कांडीमावशी साधं ‘चहा झाला का?’ विचारायची तेही ओरडून. माधवनगरात यंत्रमागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरण्यात तिचा जन्म गेला. हळू बोलायची सवयच मोडली होती. आमची भिंतीला भिंत. तिच्या घरात आज काय शिजतंय, ते मला आधी ऐकू यायचं.

गुडघे गेले आणि काम सुटलं. नवरा कधीच वारलेला, मुलगा बाळू शिकत होता. तेव्हा तिला सरकारी योजनेतला निराधारांचा पगार सुरू झाला. त्याची तिला कधी लाज वाटली नाही. ‘मी सरकारचं खाते, कुणाच्या दारात जात न्हाई,’ असं ती गल्लीभर सांगायची.

मग बाळूला शिरवळच्या कंपनीत काम लागलं. मावशीनं ओरडून ओरडून पेढे वाटले. पुढं तपासणी झाली आणि मिळवता मुलगा आहे म्हणून पगार बंद पडला. बाळू कंत्राटी. खोलीभाडं, खानावळ, मध्येच कामाला ब्रेक. आईला पाठवायला हातात काही उरायचं नाही. मावशीनं आधी दूध सोडलं, मग बीपीची गोळी दिवसाआड घ्यायला लागली.

शेवटी मी तिला चावडीवर घेऊन गेले. तलाठी भला माणूस. म्हणाला, ‘मावशी, मुलगा वेगळा राहतो, सांभाळत नाही, असा जबाब द्या. दुसरा रस्ता नाही.’

मावशी पदराशी चाळा करत बसली. मग काहीतरी पुटपुटली.

‘जरा मोठ्यानं बोला.’

असं तिला आयुष्यात कुणी सांगितलं नसेल.

‘लेक सांभाळत न्हाई.’

बाहेर आल्यावर म्हणाली, ‘चांगल्या पोराला आज बट्टा लावला गं मी.’

पगार पुन्हा सुरू झाला. पण कोण तपासायला येईल, कोण चुगली करील, या धास्तीनं तिनं बाळूला घरी यायला बंदी केली. दिवाळीत ती डबा घेऊन सांगलीच्या स्टँडवर जायची, बाकावर बसवून त्याला जेवू घालायची आणि तिथूनच परत लावून द्यायची.

‘मावशी, घरी बोलव की त्याला,’ मी एकदा म्हणाले.

‘आन् पगार तुटला म्हंजे? गोळ्या त्याच्याकडं मागू? त्यो देईल गं. उपाशी ऱ्हाऊन देईल.’

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. बाळू आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बाईनं विचारलं, ‘तुम्ही यांचे कोण?’

बाळूनं आधी माझ्याकडं पाहिलं. सांगू का, असं विचारल्यासारखं.