आईचे गुडघे आणि कुत्र्याचा विमा

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं हे केव्हाच ठरलं होतं. डॉक्टर पसंत होते, हॉस्पिटल पसंत होतं, तिच्या मेडिक्लेमची काही अडचण नव्हती. अडलं होतं ते कुत्र्यापाशी. "मी तिकडे आठवडाभर पडले, पुढे महिनाभर जिना उतरता येणार नाही. त्याला कोण बघणार?" हा तिचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती तारीख घ्यायला तयार नव्हती. तोवर तिचे पाय गुडघ्यात वाकत चालले होते. ती पुढे चालत असली आणि मी मागून बघत असलो की मला राग यायचा. नक्की कोणाचा ते सांगता येत नाही, पण बोलताना तो मी कुत्र्यावर काढायचो.

आई डोंबिवली पश्चिमेला राहते, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी ठाण्यात, घोडबंदर रोडला. बाबा गेले त्या वर्षीच्या हिवाळ्यात ती निवृत्त शिक्षिकांच्या गटाबरोबर खडवलीला नदीवर गेली आणि येताना कापडी पिशवीतून एक गव्हाळ पिल्लू घेऊन आली. ते मागे मागे स्टेशनपर्यंत आलं, असं ती सांगते. ज्याला त्या दिवशी घराचा उंबरठा चढता आला नाही ते पिल्लू नदीपासून स्टेशनपर्यंत कसं आलं, हे मी कधी विचारलं नाही.

त्याचा विमा उतरवायची कल्पना माझी. एकदा त्याला गोचिडांचा ताप आला, सलाईन लावावं लागलं आणि बिल बघून मला घाम फुटला. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेसला आहे. एकदा खिशाला चटका बसला की दुसऱ्यांदा बसू नये याची तजवीज करायची, हा आमचा धंदाच. तेव्हा हप्ता अगदीच किरकोळ होता. अर्जात जन्मतारखेचा रकाना आला आणि मी काही बोलायच्या आत आईने पेन उचलून लिहिलं, एक जून.

हे आईच्या हाताला लागलेलं वळण होतं. ती महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. खाडीकाठच्या गावांतून, चाळींतून पोरांचं नाव घालायला आलेल्या आयांना तारीख माहीत नसायची. पाऊस लागायच्या आधी झाला, गणपती बसले तेव्हा झाली, एवढंच. आई एक जून लिहायची. शाळा जूनमध्ये उघडते, एक जून लिहिलं की पोर वयात बसतं आणि त्याचं वर्ष वाया जात नाही. त्यामुळे आमच्याकडे एक जूनला दिवसभर फोन वाजत असतो. रिक्षा चालवणारे, बँकेतले, एक तर वकील झालेला, सगळे म्हणतात, "बाई, आज माझा तुम्ही दिलेला वाढदिवस." कुत्रा त्याच रांगेत बसला. त्या दिवशी त्याला कलेजी मिळते.

तर गेल्या एप्रिलात त्याच्या पॉलिसीच्या रिन्युअलचा मेसेज आला आणि हप्ता जवळपास दुप्पट झालेला होता. दर वर्षी थोडा थोडा वाढायचा, पण हे म्हणजे कहर होता. मी कंपनीला फोन लावला. एक जूनला आपला पेट वरच्या वयोगटात जातोय, असं मला नम्रपणे सांगण्यात आलं.

"आई, अगं हा दिवाळीच्या सुमाराला जन्मलेला. तू त्याला उगाच म्हातारा करून ठेवलायस," मी म्हटलं. "डॉक्टरकडून दात बघून वयाचा दाखला घेऊ, तारीख बदलून मिळेल."

"एकदा दाखल्यावर चढलेली तारीख बदलत नसते," आई म्हणाली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा तो आवाज काही निवृत्त झालेला नाही. मी विषय सोडून दिला.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. परचेसवाल्याला तीन कोटेशनं आल्याशिवाय झोप लागत नाही. घरी मिक्सर घेतानासुद्धा मी तीन दुकानांचे भाव आणतो. लग्नाच्या वेळी मी कितवं कोटेशन होते ते एकदा सांगून टाक, असं बायको अधूनमधून विचारते.

पहिली कंपनी जुन्या वळणाची होती. तिचा अर्ज बहुधा गुरांच्या विम्यावरूनच बेतलेला असावा, कारण त्यात जनावर दुभतं आहे का, असा प्रश्न होता आणि ओळख पटवण्यासाठी कानाला बिल्ला मारून घ्या, अशी सूचना होती. हप्ता सगळ्यात कमी. मी खूश झालो. आईने बिल्ल्याचं ऐकलं आणि कुत्र्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवला. तिथेच ती कंपनी बाद झाली.

दुसरी मोबाइलवरची. तिला ओळखीसाठी त्याच्या नाकाचा जवळून फोटो हवा होता, कारण म्हणे प्रत्येक कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या असतात. मी एका रविवारी डोंबिवलीला जाऊन बराच वेळ त्याच्या नाकामागे मोबाइल घेऊन फिरलो. त्याने आधी कॅमेरा चाटला, मग तोंड फिरवलं, मग सोफ्याखाली जाऊन बसला. मी पोटावर झोपून सोफ्याखाली हात घातला, तेव्हा आई म्हणाली, "आधार कार्डाच्या फोटोला तूही असाच पळत होतास." शेवटी एक फोटो मिळाला. पण त्या कंपनीच्या बारीक अक्षरांत एवढ्या गोष्टी वगळलेल्या होत्या, की कुत्रा आजारी न पडला तरच विमा लागू असं वाटावं.

तिसरी सगळ्यात महाग. मी ती तक्त्यात नावापुरती घेतली होती. तिच्या फायद्यांची यादी आईला वाचून दाखवताना मी सहज म्हणून गेलो की मालक हॉस्पिटलमध्ये असेल तर तो हिंडूफिरू लागेपर्यंत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचा खर्चही ही कंपनी देते.

"हीच घे," आई म्हणाली.

"अगं, सगळ्यात महाग आहे ती."

"असू दे. हीच घे म्हणजे मी तारीख घेते."

ऑपरेशनला ती पहिल्यांदाच आपणहून हो म्हणाली होती. पण मी परचेसवाला. मी तिला हिशेब मांडून दाखवला की वर्षानुवर्षं हा जादा हप्ता भरण्यापेक्षा आपणच पैसे टाकून त्याला चांगल्या ठिकाणी ठेवू, स्वस्त पडेल. तिला ते पटेना.

"आपण पैसे भरून ठेवलं म्हणजे मी माझ्या सोयीसाठी त्याला कुठेतरी टाकला, असं होतं. कंपनीने ठेवलं म्हणजे ती त्याची व्यवस्था झाली. त्याच्या हक्काची. कोणाचे उपकार नाहीत."

उपकार हा शब्द तिच्या घशाखाली कधीच उतरलेला नाही. शेजाऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. इमारत पाडून नवी व्हायची आहे, जुने मालक केव्हाच निघून गेले, खोल्यांत भाडेकरू आहेत. समोरचे आजोबा कुत्र्याला बिस्कीट देतात, तेही जाळीच्या दारातून.

मग तुझ्याकडे का नेत नाहीस, असं कोणीही विचारेल. एकदा नेला होता. आमचं घर एकविसाव्या मजल्यावर. जन्मात लिफ्ट न बघितलेल्या त्या प्राण्याने दार उघडताच चारही पाय रोवले. मी, माझी मुलगी आणि वॉचमन अशा तिघांनी त्याला आत घातला, तर वर पोचेपर्यंत तो थरथरत होता. दिवसभर पाण्याला शिवला नाही आणि टाइल्सवर शू करायची नाही, हे आईने त्याला इतकं पक्कं शिकवलेलं की तीही केली नाही. संध्याकाळी माणकोलीच्या पुलावरून परत आणला, तेव्हा आईच्या इमारतीच्या फाटकाशी तो इतका वेळ पाय वर करून उभा राहिला की मला त्याची दया आली. तेव्हापासून "आमच्याकडे नाही जमणार" हे माझं वाक्य ठरून गेलं. आईही कोणी विचारलं की तेच सांगायची, "त्यांच्याकडे नाही जमत."

तर महागडी कंपनी ठरली. एक अडचण होती. ती विशिष्ट वयापुढचा कुत्रा नव्याने घेत नव्हती आणि आईच्या तारखेप्रमाणे आमचा कुत्रा एक जूनला ते वय ओलांडत होता. म्हणजे जे काही करायचं ते मे संपायच्या आत. मी धावपळ करून कागद गोळा केले, लशींची पुस्तिका स्कॅन केली. मध्ये आईला आंबिवलीच्या पुढचं एक बोर्डिंगही दाखवून आणलं. जागा स्वच्छ होती, पंखे होते, मागे आंब्याची झाडं होती. आईने सगळं फिरून बघितलं आणि तिथल्या माणसाला एवढंच विचारलं, "रात्री दिवा चालू असतो का?" असतो म्हणाला.

शेवटी पडताळणीचा फोन यायचा राहिला होता. तो नीट पार पडावा म्हणून मी त्या दिवशी अर्धी रजा टाकून डोंबिवलीला गेलो. दुपार होती, पंखा गरम वारा फेकत होता. आई गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून खुर्चीत बसली होती आणि कुत्रा टेबलाखाली, थंड फरशीला पोट लावून. फोन आला. तो मी स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. आई खुर्चीत ताठ बसली.

रंग, वजन, लशी, सगळं सुरळीत झालं. पेट कधी कोणाला चावला आहे का, असा प्रश्न आला.

"चावला नाही. एका कुरिअरवाल्याची पँट फाडली," आई म्हणाली. मी कपाळाला हात लावला. "पण चूक त्या माणसाची होती. त्याने पार्सल दारातून आत फेकलं."

ती मुलगी हसली आणि पुढे गेली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोर्डिंगचा लाभ घेतलाय, त्यासाठी एक प्रश्न. तुम्ही हॉस्पिटलमध्ये असताना पेटला सांभाळू शकेल असं कुटुंबातलं दुसरं कोणी आहे का? म्हणजे घरात, किंवा जवळपास राहणारं, येऊ शकेल असं? कोणी असेल तर हा लाभ मिळत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, राग तर नव्हताच. मला काय वाटतं ते तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"काय सांगू रे?" तिने विचारलं. फोनवर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही.

नाही म्हण, एवढंच मला सांगायचं होतं. पुरवठादारांशी बोलण्यात हयात गेलेल्या माणसाला ते काही जड नव्हतं. आमच्याकडे जमत नाही, हे तर खरंच होतं. पण त्या मुलीने आमच्याकडे जमतं का असं विचारलंच नव्हतं. येऊ शकेल का, असं विचारलं होतं. आणि मी येऊ शकत होतो. माणकोलीचा पूल झाल्यापासून मला डोंबिवलीहून वागळेला जाणं काही अवघड नव्हतं, माझी रजा पडून होती, बायको उलट म्हणाली असती की आधीच का नाही गेलास. महिनाभर मी कुत्र्याला इथून उचलून कुठे ठेवायचं याची कोटेशनं गोळा करत फिरलो. आपण उठून इथे यावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आईच्या आलं असेल. तिने ते एकदाही तोंडातून काढलं नाही, कारण आता ती माझं करणंही उपकारात धरायला लागली होती. मला फार लाज वाटली.

"आहे म्हणून सांग," मी म्हटलं. "मी येतो राहायला."

आई अजून माझ्याकडेच बघत होती. मग फोनकडे वळून, हजेरी घेताना यायचा तसल्या आवाजात ती म्हणाली, "आहे. मुलगा आहे माझा."

"मग मॅडम, तो लाभ काढून टाकू का? प्रीमियम कमी होईल."

"काढा."

बोर्डिंग काढल्यावर त्या कंपनीत जाण्यात अर्थ उरला नाही. जुनी पॉलिसीच वाढलेल्या हप्त्यासकट मी पुढे चालू ठेवली. एवढी उस्तवार करून चढ्या भावाने जुन्याच ठिकाणी माल घेतला, हे मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तुझ्या खोलीत हल्ली तो झोपतो. पलंगावर. खाली झोपायची सवय नाही त्याला."

"मग मी खाली झोपेन."

"गादी उन्हात टाकायला हवी." ती शेकायची पिशवी बाजूला ठेवून, खुर्चीचे हात धरून, हळूहळू उभी राहिली. कुत्राही टेबलाखालून उठला आणि तिच्या पायाशी जाऊन थांबला. "डॉक्टरांना लाव फोन," ती म्हणाली. "एक जूननंतरची कुठलीही तारीख घे. त्या दिवशी फोन येतात, आणि याची कलेजी असते."

मी नंबर शोधत होतो.

"आणि ऑपरेशनच्या दिवशी माझ्या मागे धावत येऊ नकोस," आई म्हणाली. "आधी त्याला खाली फिरवून आण, मग ये."